तोंड, कान आणि सेतुराव अण्णा

आमचे सेतुराव अण्णा नव्या माणसाला नमस्काराआधी विचारत, "तोंड कोठें? कान कोठें? भुई कोठें?" नवखे प्राध्यापक घाबरून स्वतःचा चेहरा चाचपत.

देशाचे दरवाजे नुकते उघडले होते आणि तंजावूरच्या आमच्या कॉलेजातही मायक्रोकंट्रोलर येऊन पोचले होते. ही इवलीशी चिप सिरियल पोर्टच्या केबलने संगणकाला जोडली, की आपल्या पोटात काय बिघडलंय ते पडद्यावर सांगते, असं पुस्तकात होतं. आमच्या प्रयोगशाळेत तिने बहुधा मौनव्रत धरलेलं असे. प्रयोगशाळेचे प्रमुख अण्णा. त्यांच्या मते प्रोग्रॅम कधीच चुकत नसे, चुकत ती जोडणी. निरोप पाठवणारी तार म्हणजे तोंड, घेणारी म्हणजे कान आणि अर्थिंगची म्हणजे भुई.

"अय्यो, ह्याचें तोंड त्याच्या कानाला, त्याचें तोंड ह्याच्या कानाला," ते कडाडत. "भुई दोघांची एक. बोलायचा वेग एक. इतकें जमना, अन् इंजिनियर म्हणे!"

राहुकाळात मात्र ते वायरीला हात लावत नसत. विज्ञानालाही विश्रांती हवीच की!

हे तत्त्वज्ञान प्रयोगशाळेत राहिलं असतं तर बरं झालं असतं. एकदा बैठकीत प्राचार्य आणि रजिस्ट्रार तावातावाने भांडत होते. अण्णा उठले आणि म्हणाले, "दोघांचीं तोंडें एकमेकांला जोडलींत. कान मोकळे." त्या वर्षी अण्णांची बढती हुकली. प्राचार्यांचे कान तेवढ्यापुरते नीट जोडलेले होते.

अशा या माणसाने कॉलेजच्या तपासणीच्या आदल्या दिवशी रजा टाकली आणि प्रयोगशाळेतली एकुलती एक धड केबल घरी नेली. मी मोपेड काढली आणि राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत शिरलो. चार खरमरीत वाक्यं वाटेतच जुळवून ठेवली होती.

दार उघडंच होतं. पुढच्या खोलीत अण्णा संगणकापुढे दाढी वाढवून बसले होते. केबल घरभर सरपटत मागच्या खोलीत गेली होती. तिथे खाटेवर त्यांची आई. पक्षाघाताने आईंची वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती. डाव्या हाताशी अण्णांनी चार बटणं आणि एक चिप बसवलेली पाटी ठेवली होती. बटण दाबलं की पुढच्या खोलीत शब्द उमटायचा. उमटत नव्हता.

"आई दाबते, इथें कांहीं येईना," अण्णा म्हणाले. "हांक मारायला तिला वाचा नाही रे. काल तहानेली पडून होती. मला कळलेंच नाही."

माझी चारही वाक्यं तिथेच रद्द झाली. पाटीजवळ बसून मी वायरी पाहिल्या. केबलच्या आत तोंड-कान आधीच उलटे जोडलेले. अण्णांनी सवयीने पाटीवर पुन्हा उलटवलेले. दोनदा उलटलं की सुलट, म्हणजे तोंडाला तोंड आणि कानाला कान!

"अण्णा," मी म्हणालो, "तोंड कोठें? कान कोठें?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या वर्षांनी मला हा प्रश्न विचारायला मिळाला आणि माझ्याच्याने धड हसवेना.

मी दोन वायरी अदलाबदल केल्या. आईंनी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांतली मराठी आली: पाणी. अण्णा भांडं घेऊन धावले. दुसरं बटण: कूस बदल. तिसरं: दार लाव. मग चौथं.

सेतू, जेवलास काय?

"हे कुणी घातलं?" मी विचारलं.

"मीच." अण्णा पडद्याकडे बघत राहिले. "रोज विचारायची. आतां दुसरें कोण विचारणार आहे मला?"

अण्णा मागे वळून मोठ्याने म्हणाले, "जेवलों, आई! जेवलों!" स्वयंपाकघरात सकाळपासून चूल पेटल्याचं काही चिन्ह नव्हतं.

आतून बटणाचा टक् असा आवाज आला.

सेतू, जेवलास काय?