आजारी पिल्लाची पारख

लांजेवार काकाजींना वेळ विचारायची असली की ते दोघांना विचारतात. दोघांचं उत्तर एकच आलं तर तिसऱ्यालाही विचारतात, कारण पहिले दोघे एकमेकांना मिळालेले असू शकतात.

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या लेआउटमध्ये ते माझ्या समोरच्या प्लॉटवर राहतात. एकटेच. वय बहात्तर. एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते, म्हणजे दुकानदारांचे काटे तपासायचे. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण नजर गेलेली नाही. भाजी घेताना ते वांग्यांकडे बघत नाहीत, भाजीवाल्याच्या करंगळीकडे बघतात. एकदा त्यानं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट टाकली, तर काकाजींनी अख्खी पिशवी उलटी करून सगळं पुन्हा तोलायला लावलं.

"फुकट काहून देऊन राहिला? यात गोम आहे गा."

अशा माणसाच्या मनात मागच्या उन्हाळ्यात कुत्र्याचं पिल्लू पाळायचं आलं. हुडकेश्वरला राऊतताई म्हणून एक बाई रस्त्यावरची पिल्लं घरी आणून वाढवतात आणि चांगलं घर बघून देतात. काकाजी तिथं निघाले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. साक्षीदार पाहिजे, म्हणाले.

ताईंकडे दोनच पिल्लं उरली होती. एक भाऊ, एक बहीण.

"हा धडधाकट आहे, काकाजी," ताई म्हणाल्या. "हिच्या मात्र हृदयाची झडप पुरती मिटत नाही. रोज गोळी द्या लागते, जन्मभर. जास्त पळवायचं नाही. डॉक्टर म्हणते, आठेक वर्षं काढेल. नक्की सांगता येत नाही. भाऊ तेरा-चौदा आरामात जगेल. तुम्ही त्यालेच न्या."

काकाजी मान हलवून बाहेर आले. परतीच्या वाटेवर माझ्या कानाशी त्यांचं सुरूच होतं.

"एकतीस वर्षांत एकाही दुकानदारानं मले स्वतःहून नाही सांगितलं, का साहेब, माहा काटा शंभर ग्रामनं मारते. अन् ही बाई आजार आधी सांगून राहिली! जो लहान दोष सांगते, तो मोठा लपवते."

"मग भाऊ घ्या की," मी म्हणालो.

"ते वेगळं," एवढंच म्हणाले.

त्यांच्या खात्यात चाचणी खरेदी नावाचा प्रकार असे. निरीक्षकानं साधं गिऱ्हाईक होऊन दुकानात जायचं, माल घ्यायचा, ओळख नंतर दाखवायची. चौथ्या दिवशी काकाजी दोन दुपट्टे घेऊन माझ्या दारात उभे राहिले. नागपूरच्या एप्रिलमध्ये डोक्यातोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही, त्यामुळे वेष उत्तम होता. मी बोलायचं, त्यांनी माझा मुका साडू व्हायचं. ताई नव्या गिऱ्हाइकाला काय सांगतात ते तपासायचं. मला हे पटलं नव्हतं. पण मीही आकड्यांचा माणूस आहे. दोन वेळचं विधान जुळतं का, हे बघायची इच्छा मला झालीच.

जुळलं. झडप, रोजची गोळी, आठेक वर्षं. शब्दाला शब्द. तेवढ्यात ती पिल्ली तिरकी चालत आली आणि साडूच्या चपलेवर बसली. साडूनं पाय हलवला नाही.

"अन् कधीकधी खोकते थोडी," ताई पुढे म्हणाल्या. मग दुपट्ट्याकडे वळून, "हे मागच्या वेळी सांगाचं राहिलं होतं, काकाजी. पाणी आणू? घामानं भिजले तुम्ही."

काकाजींनी दुपट्टा सोडला. ताईंनी त्यांच्या हाती पिल्लू घरी न्यायचा छापील अर्ज दिला आणि बजावलं, "रविवारी दुपारी दुसरे लोक येऊन राहिले पाहाले. हिले न्यायचं असन तर त्याच्या आत सांगा."

त्यानंतर काकाजींचा संशय माझ्याकडे वळला. गुरुवारी त्यांनी माझं वय विचारलं. एकावन्न, म्हणालो. जन्मदाखला आहे का, म्हणाले. शुक्रवारी बीपी किती, साखर किती, वडील कितव्या वर्षी गेले. शनिवारी सकाळी बायको आत येऊन कुजबुजली, "अहो, काकाजी आपल्या फाटकाच्या सळ्यांत टेप घालून काहून पाहून राहिले? घर तर नाही ना मागत विकत?"

मी बाहेर गेलो. "साडेतीन इंच फट आहे," काकाजी नाराजीनं म्हणाले. "जाळी मारा." आणि निघून गेले. समोरासमोर राहून नऊ वर्षं झाली, पण माझ्या फाटकावर ठपका पहिल्यांदाच आला. खरं सांगतो, मला राग आला.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा हुडकेश्वरला. ताईंनी अर्ज वाचला. "काकाजी, शेवटची ओळ भरली नाही. तुमच्यानंतर हिले कोण पाहीन?"

काकाजींनी अर्ज परत घेतला, पिल्लीला उचललं आणि मला ओट्यावर बोलावलं.

"तुम्ही हिशोबाचे माणूस आहा, तपासून पहा," ते हळू आवाजात म्हणाले. "आमच्या घराण्यात एक्क्याऐंशीच्या वर कोणी गेलं नाही. बहात्तर अन् चौदा, शहाऐंशी. म्हणजे त्या भावाले मी पाच वर्षं पोरकं करतो. बहात्तर अन् आठ, ऐंशी. ही जाईन, मग मी. कोणाले त्रास नाही. जमते का?"

"जमते," मी म्हणालो. बेरजेत चूक नव्हती.

"पण मले त्या डॉक्टरवर डाउट आहे." पिल्लीनं त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात धरलं होतं; ते सोडवायचं त्यांना सुचत नव्हतं. "हे लोक अंदाज कमीच सांगतात. दहा जगली तर? बारा जगली तर?"

मला एकदम तीन दिवसांची सगळी उलटतपासणी समजली. वय, साखर, वडील, सळ्या.

"काकाजी, सरळ विचारायचं होतं न."

"सरळ विचारलं असतं तर तुम्ही भिडेखातर हो म्हटलं असतं," ते म्हणाले. "भिडेचं हो काही कामाचं नाही. पाहून घ्या लागते."

मी पेन काढला. शेवटच्या ओळीत पूर्ण नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिला. काकाजींनी नंबराचे आकडे मोजले. दहा भरले. मग त्यांनी बटण सोडवून पिल्लीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः थोडं दूर सरकून बसले.

"घेऊ द्या तिले तुमचा वास," ते म्हणाले. "पुढं कामात येईन."