माळवदावरची साहेबी न्याहारी

आमच्या पंचक्रोशीत कॉफी करता येणारा माणूस एकच, आणि तो मी. हे मी छाती फुगवून सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात छाती फुगवण्यासारखं काहीच नाही!

कॉफी मला हिंगोली स्टेशनावरच्या एका मद्रासी बाबूनं शिकवली. कापसाच्या गाड्या घेऊन गेलो की त्याच्याकडे एक पेला ठरलेला, आणि सोबत तुपात परतलेला, कडा कुरकुरीत झालेला पाव. सत्तेचाळीस सालची दिवाळी आटोपल्यावर मी पुडीभर कॉफी आणि एक पाव घेऊन पुसेगावजवळच्या आमच्या गावी परतलो. उद्या घरच्या घरी साहेबी न्याहारी करायची, असा बेत होता.

माझ्या बायकोनं, शालूबाईनं, पाव पाहिला आणि चुलीसमोर आडवी उभी राहिली.

"पायानं तुडवलेल्या पिठाचा पाव माझ्या चुलीवर न्हाई चालायचा."

"अगं, विस्तवावर भाजला की सगळं शुद्ध होतं."

"मग भाजा की. माळवदावर जाऊन भाजा."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोवऱ्या, तवा, पातेलं, गूळ, दूध, तुपाची वाटी आणि पाण्याचा तांब्या घेऊन माळवदावर चढलो. शालूबाई मागच्या गोठ्यात धार काढायला गेली.

ते दिवस भीतीचे होते. निजामाचे रझाकार कोणत्या गावावर कधी येतील याचा नेम नव्हता. रोज कुठलं तरी गाव लुटल्याची बातमी यायची. म्हणून आमच्या गावानं ठरवलं होतं, की ज्याला ते येताना दिसतील त्यानं माळवदावर धूर करायचा. धूर दिसला की सगळ्यांनी घरच्यांना घेऊन गुपचूप नदीकाठच्या उभ्या ज्वारीत लपायचं.

हे मला पाठ होतं. पण कॉफी उकळून तिचा वास सुटला, आणि मी सगळंच विसरलो. गूळ टाकला, दूध टाकलं, पेला भरला. पहिला घोट घेतला आणि सुखानं डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी छातीतली धडधड थांबली होती.

डोळे उघडले तेव्हा तव्यातलं तूप पेटलं होतं आणि पावाचा कोळसा झाला होता! मी घाबरून तांब्यातलं उरलेलं पाणी ओतलं. गोवऱ्यांतून पांढरा धूर असा उसळला, की मला माझेच हात दिसेनात. डोळे चोळत खोकतोय, तोच खालून आरडाओरडा ऐकू आला. गल्लीतून आमचा शेजारी ग्यानबा धोतर सावरत पळत होता.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"धूर झाला, संतराम! पळ!"

कुणाच्या माळवदावर, हे विचारायला तो थांबला नाही आणि मलाही सुचलं नाही. हाताला पातेलं लागलं, ते तसंच घेऊन मी जिना उतरलो आणि जो सुटलो तो थेट ज्वारीत.

ज्वारीत सगळं गाव बसलं होतं. शेजारच्या द्वारकाबाईनं लेकराच्या तोंडावर पदर दाबून धरला होता. एवढ्यात जवळच्या बंजारा तांड्याचे नाईक भीमसिंग बायकामाणसांसकट आत शिरले.

"तुमच्याकडचा धूर पाहून आमी तांडा सोडला," ते कुजबुजले. "किती जण आलेत?"

"पन्नास तरी असतील," ग्यानबा म्हणाला. त्यानं एकही पाहिला नव्हता.

"शालू वहिनी कुठं हाय?" द्वारकाबाईनं मला विचारलं.

शालूबाई गोठ्यातच राहिली होती.

तेवढ्यात बांधावरून तिचाच आवाज आला. "अवो, निघा बाहेर! समदे बाहेर निघा!"

कुणी हललं नाही. ग्यानबानं माझा दंड धरला. "जाऊ नको. तिला पकडलंय. बंदूक लावून बोलवायला लावून राहिले."

मला ते तंतोतंत पटलं. तिच्या पाठीला लागलेली नळी मला दिसायलाच लागली. मी आयुष्यात एवढा कधी भ्यालो नव्हतो. पण ती एकटी बांधावर उभी आहे, हे काही सहन होईना. दंड सोडवला आणि डोळे गच्च मिटून ज्वारीबाहेर आलो.

"मला गोळी घाला," मी ओरडलो. "तिला सोडा!"

बराच वेळ गोळी आली नाही.

"कुणाला सांगून राहिलात?" शालूबाई म्हणाली. "तुमचा पाव जळला, त्याचा धूर व्हता त्यो. गावात कुत्रंसुद्धा आलं न्हाई."

ज्वारीतून एकेक डोकं वर आलं. भीमसिंग माझ्याकडे जे बघत होते, त्यापेक्षा गोळी बरी होती. घाईत मोकळी सुटलेली तांड्याची गुरं गोळा करायला मला दुपारपर्यंत रानभर हिंडावं लागलं.

घरी परतताना शालूबाई हळूच म्हणाली, "माझ्यासाठी खरंच गोळी खाल्ली असती व्हय?"

"व्हय," मी छाती काढून म्हणालो. आणि ते खरं होतं.

ती गालात हसली. दोन पावलं चालली आणि थांबली.

"मग पळताना पातेलं बराबर घेतलं," ती म्हणाली, "मला काहून न्हाई घेतलं?"