आधी खांदा लागला

नॉर्बर्ट विशन्यूस्कीनं सॉसेज उलटायचा चिमटा खाली ठेवला, तेव्हाच आज नाश्ता करपणार हे मार्लीनला कळलं. नवऱ्याला वाद घालताना दोन्ही हात मोकळे लागतात, हे एकतीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

"आधी खांदा लागला," नॉर्बर्ट म्हणाला. "मग हेल्मेट. मी शंभर वेळा बघितलंय."

"म्हणजे शंभर वेळा चुकीचं बघितलंस," लाइल म्हणाला. लाइल हा मार्लीनचा भाऊ. तो शेगडीपलीकडे घडीच्या खुर्चीत मांडीवर ब्लँकेट घेऊन बसला होता, आणि मेहुण्याचा जितका पारा चढेल तितका तो शांत होत असे. नॉर्बर्टला त्याचा हाच गुण सहन होत नसे.

सकाळचे साडेनऊ झाले होते. अमेरिकन फुटबॉलचा सामना दुपारी एकला होता, पण स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये गुडघाभर बर्फ बाजूला लोटून लोकांनी कधीच्या शेगड्या पेटवल्या होत्या. गेली चोवीस वर्षं हे दोघे एकाच दिव्याच्या खांबाखाली गाडी लावत. तिकिटं मुळात लाइलच्या वडिलांची. एकोणतिसाव्या रांगेतल्या शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. म्हाताऱ्यानं जाताना एक मुलाला दिली, एक जावयाला दिली आणि वर बजावलं, की दोघांतला एक जरी आला नाही तरी मला वरून दिसेल. तेव्हापासून एकदाही कुणी चुकलं नव्हतं. आज तर बाद फेरीचा सामना होता, तोही घरच्या मैदानावर, तब्बल एकोणीस वर्षांनी.

आणि नेमका आजच संघाचा बचावपटू डेल्रॉय पिकेट खेळणार नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी पिकेटनं चेंडू झेलत असलेल्या समोरच्या संघाच्या एका खेळाडूला असा काही दणका दिला होता, की त्याला उचलूनच न्यावं लागलं. तो पोरगा आता बरा होता, पण खांद्याला धडक चालते, डोक्याला चालत नाही, म्हणून लीगनं पिकेटवर चार सामन्यांची बंदी घातली होती. तेव्हापासून गावात दोन तट पडले होते आणि या घरात दोन मेहुणे.

"त्या पोरानं ऐनवेळी डोकं खाली घातलं," नॉर्बर्ट म्हणाला. "पिकेट काय करणार बिचारा? हवेत ब्रेक मारणार? त्याचा इरादा बघा ना. फुटबॉल आहे हा, चर्चचा गायनवर्ग नाही."

"डोकं ते डोकं. तिथं इरादा गेला खड्ड्यात," लाइल म्हणाला. तेहतीस वर्षं त्यानं दारोदार टपाल वाटलं होतं. "मला सात वेळा कुत्रा चावला. प्रत्येक वेळी मालक म्हणायचा, त्याच्या मनात तसं नव्हतं हो. टाके मलाच पडायचे. चार सामने कमीच झाले. मी असतो तर आठ दिले असते."

"तुला धडक कशी मारतात हेच ठाऊक नाही."

"मग दाखव."

हे म्हणायला नको होतं. मार्लीन "अरे, वयं काय तुमची?" म्हणेपर्यंत नॉर्बर्टनं कोट काढून गाडीवर टाकलासुद्धा. शेजारच्या गाडीवाली बर्निस आपण होऊन पंच झाली. ती सव्वीस वर्षं शाळेत नर्स होती, मधल्या सुट्टीत पोरं तीच आवरायची, त्यामुळे शिट्टी तिच्या गळ्यात असायचीच. नियम मोडला की पंच पिवळा रुमाल फेकतात म्हणून तिनं मोहरीच्या सॉसनं माखलेला एक कागदी रुमाल हातात घेतला.

"अगदी सावकाश करून दाखवतो," नॉर्बर्ट म्हणाला. "मार्लीन, फोनवर घे. पुरावा पाहिजे."

लाइल पावाचं पुडकं छातीशी धरून उभा राहिला. नॉर्बर्ट दहा पावलांवरून सावकाश निघाला. पहिली सहा पावलं खरोखर सावकाश पडली. सातवं पाऊल पडलं ते त्यानंच सकाळी उरलेली कॉफी ओतून तयार केलेल्या बर्फाच्या पापुद्र्यावर. तिथून पुढे एकसष्ट वर्षांचा, सव्वाशे किलोचा नॉर्बर्ट बसदुरुस्तीच्या धंद्यातून निवृत्त झालेला माणूस राहिला नाही, तो नुसताच येत राहिला. घाबरून लाइलनं डोकं खाली घातलं.

बर्निसनं शिट्टी फुंकली आणि रुमालही टाकला, पण तोवर लाइल बर्फात उताणा पडला होता, पाव चारी दिशांना उडाले होते आणि त्याच्या अंगावर आडव्या पडलेल्या नॉर्बर्टला उठता येत नव्हतं.

तिघांनी ओढून नॉर्बर्टला बाजूला केलं. बर्निस लाइलजवळ गुडघ्यांवर बसली. "महिना कुठला?"

"जानेवारी."

"ही किती बोटं?"

"तीन. आणि हातमोजा फाटलाय तुझा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. नॉर्बर्टचा चेहरा बर्फाहून पांढरा झाला होता. तो लाइलचा हात धरून नुसता "लाइल, लाइल" करत होता. लाइलनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "नॉर्बर्टचं बरोबर आहे. आधी खांदाच लागला."

शेगडीवर सॉसेज जळत होते, त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही. मार्लीननं भावाच्या कपाळावर हात ठेवला. "हा काय म्हणाला, ऐकलंत ना?"

"ऐकलं," बर्निस उठत म्हणाली. "गाडी काढा. डोक्याला लागलंय याच्या."

दवाखाना दहा मिनिटांवर होता. बर्निसही गाडीत बसली. लाइल मागच्या सीटवर बसून "मी ठीक आहे" म्हणत होता आणि जितक्यांदा म्हणत होता तितकी मार्लीनची काळजी वाढत होती. चोवीस वर्षं हा माणूस आपलं एक वाक्य मान्य करील म्हणून नॉर्बर्टनं वाट पाहिली होती, आणि मान्य केलं ते मेंदूला मार बसल्यावर. याला काही झालं तर एकोणतिसाव्या रांगेत कुणाशी भांडायचं, हा विचार येऊन त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते मुळीच लपवले नाहीत.

लाइलला आत नेलं. बाहेरच्या खोलीत निम्मी माणसं संघाच्या जर्सीत होती, कारण सामन्याच्या दिवशी पार्किंगमध्ये कुणाचं ना कुणाचं काहीतरी भाजतं किंवा मोडतं. पिकेटची जर्सी घातलेल्या एकानं शेगडीवर भाजलेला हात ओल्या फडक्यात गुंडाळला होता. त्यानं मार्लीनच्या फोनवरची चित्रफीत मागून घेतली, दोनदा पाहिली आणि निकाल दिला.

"चोख धडक आहे. आधी खांदा लागलाय."

"चोख?" नॉर्बर्ट उठून उभा राहिला. "माणूस आत पडलाय माझा."

"अहो, पण त्यानं ऐनवेळी डोकं खाली घातलं. तुम्ही काय करणार बिचारे?"

"त्याचं डोकं आहे, तो कुठंही घालेल. येणाऱ्यानं बघायला नको?"

"तुमच्या मनात तसं होतं का? इरादा बघायला पाहिजे ना."

"इरादा गेला खड्ड्यात," नॉर्बर्ट म्हणाला, आणि हे आपण कुणाचं बोलतोय ते कळून जरा थबकला. पण थांबला नाही. "डोकं ते डोकं. मी असतो तर चार नाही, आठ सामने घरी बसवलं असतं मला."

"आठ नको," मार्लीन म्हणाली. "पण आजचा सामना तू बघायचा नाहीस, नॉर्ब. तुझं तिकीट बर्निसला दे."

खोलीतले सगळे जर्सीवाले हळहळले. एकोणीस वर्षांनी आलेला सामना, शिक्षा फारच कडक होती. भाजलेल्या हाताचा माणूस तर अपील करायला निघाला. पण नॉर्बर्टनं आतल्या खिशातून तिकीट काढलं, त्याची घडी सरळ केली आणि बर्निसच्या हातात दिलं. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई लाइलला घेऊन बाहेर आल्या. पांढऱ्या कोटाखाली त्यांचे मोजे संघाच्या रंगाचे होते.

"डोक्याला काहीही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं तपासलं. पाठ मात्र दोन दिवस दुखेल. सामन्याला जायला हरकत नाही, पण शेजारी कुणीतरी लक्ष ठेवणारं पाहिजे. जास्त ओरडायला लागले तर आवरणारं."

"शेजारी नॉर्बर्टच बसतो," लाइल म्हणाला. "कायम."

बर्निसनं मार्लीनकडे पाहिलं, मार्लीननं भावाकडे पाहिलं, आणि तिकीट परत नॉर्बर्टच्या खिशात गेलं. मार्लीननं डोळे पुसले. मग बर्निसच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा. डोक्याला काहीच झालं नव्हतं, म्हणजे मघाशी नॉर्बर्टचं बरोबर आहे म्हणाला, ते शुद्धीवर म्हणाला?"

"पूर्ण शुद्धीवर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सगळी खोली लाइलकडे वळली. लाइलचा शांतपणा आयुष्यात पहिल्यांदा ढळला. "त्याचं तोंड बघवेना म्हणून बोललो मी," तो पुटपुटला. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही परत एकदा तपासा."

"तपासते की. पण दीड तास लागेल."

लाइलनं घड्याळाकडे बघितलं. सव्वाबारा. त्यानं कानटोपी घातली, खाली ओढली आणि भिंतीकडे बघत म्हणाला, "बरोबर होतं त्याचं. चला आता."

भाजलेल्या हातवाल्यानं चांगल्या हातानं मांडीवर टाळी वाजवली. नॉर्बर्टनं मात्र लाइलच्या दंडाला धरून त्याला पायऱ्यांवरून सावकाश उतरवलं, गाडीचं दार उघडलं, त्याचा पट्टासुद्धा स्वतः लावला. मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो बसून राहिला.

"काय झालं?" लाइलनं विचारलं. "मान्य केलं ना मी? जिंकलास ना?"

"तू चुकतोयस, लाइल," नॉर्बर्ट म्हणाला. "चार सामने कमीच झाले."