देवस्थळीकाका मासे सोडायला जातात

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी मासेमारी चालते. गच्ची चार मजल्यांच्या वर, नदी तिथून बरीच लांब, आणि त्या नदीत मासा शोधण्यापेक्षा मंडईत फुकट कोथिंबीर मिळवणं सोपं. तरीही देवस्थळीकाका पाण्याच्या टाकीपाशी एक लांबलचक लवचिक काठी घेऊन उभे राहतात, पलीकडच्या कठड्याशी पितळी परात ठेवतात आणि काठीची पिवळी दोरी मागे-पुढे, मागे-पुढे हलवत हवेत सोडतात. दोरीच्या टोकाला गळ नसतो, लाल लोकरीचा गोंडा असतो. तो परातीत आवाज न करता पडायला हवा. पडला की काका स्वतःशीच म्हणतात, "बसला." नाही पडला, तर जो कोणी आसपास उभा असेल त्याच्याकडे रागानं बघतात.

परवा तो गोंडा साठेवहिनींच्या साबुदाण्याच्या पापड्यांवर पडला. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, माझ्या पापड्या!"

"दिसतायत मला," काका म्हणाले. "फार पातळ घातल्यात."

काठी धरण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. मनगट गप्प ठेवायचं आणि दोरीला बोलू द्यायचं. हे 'दोरीला बोलू द्या' ते कुणालाही, कशावरूनही ऐकवतात. सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडण पेटलं तेव्हा अध्यक्षांनाही त्यांनी तेच सांगितलं. अध्यक्षांना अर्थ कळला नाही, पण ते खाली बसले, एवढं खरं.

आता यातली खरी गंमत अशी, की काका कट्टर शाकाहारी. कुणाच्या वाढदिवसाला गेले, तर केकमध्ये अंडं आहे का हे ते मेणबत्ती विझायच्या आधी विचारतात, आणि तेही ज्याचा वाढदिवस आहे त्यालाच. हा माणूस दर वर्षी थंडी सरता सरता, मार्च उजाडला की, हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जातो. तरुणपणी धरणाच्या सर्वेक्षणाच्या कामासाठी ते दोन-तीन वर्षं कुल्लूच्या बाजूला होते. संध्याकाळी करण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. एका म्हाताऱ्या फॉरेस्ट अधिकाऱ्यानं हातात काठी दिली, ती अजून सुटलेली नाही.

ट्राउट हा बर्फाच्या पाण्यातला मासा. पाण्यावर बसणारे किडे खातो. म्हणून त्याला गांडूळ लावायचं नाही; पिसं आणि दोरे गळाला बांधून खोटी माशी करायची आणि ती खऱ्यासारखी पाण्यावर उतरवायची. या खोट्या माश्यांसाठी काकांना कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. ती मिळवायला ते कॅम्पातल्या एका चिकनच्या दुकानात जातात, नाकाला रुमाल लावून. दुकानदाराला आता सवय झालीय. पण साठेवहिनींच्या भावानं एकदा त्यांना तिथून पिशवी घेऊन बाहेर पडताना पाहिलं, आणि संध्याकाळपर्यंत 'देवस्थळी लपून खातात' ही बातमी तिन्ही इमारतींत पोचली. काकांनी खुलासा केला, "मी फक्त पिसं घेतो, कोंबडी तिथेच ठेवतो." यावर विश्वास ठेवणारा माणूस पुण्यात अजून जन्माला यायचाय.

बरं, पकडलेला मासा आणतात म्हणावं, तर तेही नाही. सोडून देतात. फोटो काढत नाहीत, कारण 'तो काय लग्नाला आलाय?' त्यामुळे काकांनी आजवर एक तरी मासा पकडलाय की नाही, याबद्दल आमच्याकडे उघड दोन तट आहेत. मी इतकी वर्षं दुसऱ्या तटात होतो.

एक मात्र सगळ्यांनाच मान्य होतं: या माणसात धीर नाही. सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच पुढच्या स्कूटरवाल्याला 'झोपलात का?' विचारणार. भाजीवाल्यानं तराजू स्थिर व्हायची वाट पाहिली तर 'वजन करताय की पूजा?' म्हणणार. मासा लागायची वाट बघत हा माणूस तासन् तास नदीत उभा राहत असेल, हे कसं पटावं?

गेल्या वर्षी काका गेले नाहीत. काकूंना न्यूमोनिया झाला आणि तो बिघडत बिघडत पार श्वासाच्या मशीनपर्यंत गेला. त्या दिवसांत आम्ही सगळे आळीपाळीनं हॉस्पिटलात जात होतो. काका तिथेही कॅन्टीनच्या चहावरून, बंद पडलेल्या लिफ्टवरून, खुर्चीच्या मोडक्या पायावरून भांडत होते. काळजी करायची त्यांची हीच तऱ्हा असेल, असं म्हणून आम्ही सोडून दिलं. काकू बऱ्या होऊन घरी आल्या आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

यंदा फेब्रुवारीत काकांनी पुन्हा माश्या बांधायला घेतल्या. पण मधल्या काळात त्यांचा उजवा गुडघा बोलायला लागला होता, आणि काकूही आजारपणानंतर धास्तावल्या होत्या. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी त्यांचा शेजारी, मिलिंद. खराडीतल्या एका कंपनीत लोकांच्या पगाराच्या तक्रारी ऐकतो, त्यामुळे कुणीही कुठलीही तक्रार माझ्याकडे आणतं.

"मिलिंद, तू यांच्याबरोबर जा," काकू म्हणाल्या. "यांना पोहता येत नाही, गुडघा असा, आणि पाणी बर्फाचं. पाणी गुडघ्याच्या वर जाता कामा नये, ही माझी अट. तू काठावर बसून बघायचं आणि आल्यावर मला खरं सांगायचं. तुझं ऐकूनच ठरवीन, पुढच्या वर्षापासून जाऊ द्यायचं की ती काठी कायमची माळ्यावर टाकायची."

काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते. पेपर बराच वेळ उलटला गेला नाही.

तर अशा रीतीनं मी इन्स्पेक्टर म्हणून हिमाचलात गेलो. काकांचं वागणं पुणे स्टेशनपासूनच बदललेलं होतं. त्यांनी मला खिडकीची जागा दिली. स्वतःहून चहा पाजला. एकदा तर 'तुमचं म्हणणं बरोबर आहे' असंही म्हणाले, आणि मी घाबरून पुढे काही बोललोच नाही.

आम्ही नदीकाठी ठाकूर नावाच्या एका गृहस्थाच्या घरी उतरलो. काकांनी बरोबर आंबेमोहोर तांदूळ, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आणलं होतं. ठाकूर बिचारा दर संध्याकाळी कांदा चिरून, मसाला वाटून, तवा तापवून तयार.

"साहब, मछली?"

"छोड़ दिया," काका म्हणायचे, आणि मऊ भात कालवायला घ्यायचे. ठाकूर माझ्याकडे बघायचा. मी आकाशाकडे बघायचो, कारण पहिले दोन दिवस सोडायलाही काही मिळालं नव्हतं.

पण मी थक्क झालो होतो ते वेगळ्याच गोष्टीनं. नदीत घोट्याभर पाण्यात उभा असलेला तो माणूस मी ओळखतच नव्हतो. हाच का तो, सिग्नलवर ओरडणारा? दोरी मागे जायची, क्षणभर हवेत थांबायची, पुढे यायची, आणि ती एवढीशी माशी पाण्यावर अशी उतरायची की तरंग उठू नये. मासा येत नव्हता. काका पुन्हा टाकत होते. ना चिडचिड, ना कुणाला टोमणा. मी दगडावर बसून थर्मासमधला चहा पीत होतो आणि कुडकुडत होतो. मला वाटलं, आपण काठावर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवतोय हे किती वाईट दिसतंय.

शेवटच्या दिवशी दुपारी ऊन थेट पाण्यात उतरलं. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला माशी पडली, आणि ती तिथून नाहीशी झाली. काठी कमानीसारखी वाकली. काठीवरचं दोरी गुंडाळायचं चाक असं किंचाळलं की मी चहा मांडीवर सांडला. काकांनी दोरी सैल केली. माशाला जाऊ दिलं, परत आणलं, पुन्हा जाऊ दिलं. मग तो मासा खडकाला वळसा घालून पलीकडे गेला आणि दोरी कपारीत अडकली.

काका दोन पावलं पुढे गेले. पाणी गुडघ्याला लागलं.

"काका, गुडघा!" मी ओरडलो.

"ठाऊक आहे. तो माझाच आहे."

"दोरी तोडा ना! मासा गेला तर गेला!"

"तोडली तर तो तिथेच बांधलेला राहील," काका मागे न बघता म्हणाले. "मरेल." आणि ते सरळ कंबरभर पाण्यात गेले.

मी बूट काढले, पुन्हा घातले, मारुतीचं नाव घेतलं. मलाही पोहता येत नाही, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. काकांनी काठी काखेत दाबली, एका हातानं खडक धरला, दुसऱ्या हातानं कपारीतून दोरी सोडवली आणि पाय चाचपत, इंच इंच करत ते उथळ पाण्यात परत आले. माझा जीव भांड्यात पडला. त्यांच्यामागून मासाही आला, दमून, एका कुशीवर होत. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा होता. तपकिरी, अंगावर लाल ठिपके. गळाचा उलटा काटा काकांनी आधीच घासून टाकलेला असतो, त्यामुळे गळ हलकेच निघाला.

"सोडा आता, आणि बाहेर या!" मी म्हणालो. त्यांचे ओठ निळे पडले होते.

पण काका त्या दुखऱ्या गुडघ्यावर पाण्यात बसले. दोन्ही हात माशाच्या पोटाखाली घातले आणि त्याचं तोंड येणाऱ्या प्रवाहाकडे करून त्याला नुसतं धरून ठेवलं. त्याच्या कल्ल्यांची उघडझाप अगदी हळू होत होती.

"असा सोडला तर उलटा होऊन वाहून जाईल," ते म्हणाले. "दमलाय. त्याचा श्वास त्याला सापडेपर्यंत धरायचं असतं."

"आणि तो सापडला हे कसं कळणार?"

"तो हात झिडकारतो."

मग ते माशाशी बोलायला लागले. मी अगदी जवळ होतो म्हणून ऐकू आलं. ज्या आवाजात ते बोलले, तो आवाज मी या माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "घ्या, श्वास घ्या. घाई नाही. मी धरलंय." किती वेळ गेला कोण जाणे. एकाएकी शेपटीचा एक जोरदार फटका बसला, काकांच्या तोंडावर पाणी उडालं आणि मासा गेला. काका हसत होते. दात वाजत होते, तरी हसत होते.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काकूंना काय सांगू?"

"जे पाहिलंत ते," काका म्हणाले. "मला खोटंच सांगायचं असतं, तर मी मासे पुण्यातच पकडले असते."

घरी पोचल्यावर काका पिशवी घेऊन मंडईत निघून गेले. निकाल लागताना त्यांना तिथे थांबायचं नव्हतं. काकू मेथी निवडत बसल्या होत्या.

"गेलं का पाणी गुडघ्याच्या वर?"

"गेलं."

"किती?"

"कंबरेपर्यंत." मला फार वाईट वाटत होतं, पण शब्द दिला होता. मी सगळं सांगितलं. खडक, दोरी, आणि ते माशाला धरून बसणं. मासा हात झिडकारेपर्यंत सोडायचं नसतं, हे सांगितलं तेव्हा काकूंचा हात मेथीत थांबला.

"परत सांग. काय म्हणाले?"

मी परत सांगितलं. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हॉस्पिटलात माझं मशीन काढलं ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता पेशंटला स्वतःचा श्वास स्वतःच घ्यायचाय. मी अर्धवट शुद्धीत होते. हे माझ्या पाठीखाली हात घालून बसले होते. 'घे, श्वास घे. घाई नाही. मी धरलंय.' सारखं तेवढंच. मला वाटलं, मला भास होतोय, कारण यांचा आवाज असा नसतोच. पुढे बरंच बरं वाटायला लागलं, तेव्हा मला त्या हाताचा उकाडा व्हायला लागला. मी चिडून त्यांचा हात झिडकारला. तर हे रडायलाच लागले रे. हसत होते आणि रडत होते. सिस्टर धावत आली. मी वर्षभर मनाला लावून घेतलं, की मी यांचा हात झिडकारला आणि यांना वाईट वाटलं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. मी मेथीची एक जुडी ओढून निवडायला लागलो.

तेवढ्यात काका आले. दारातच उभे राहिले. "लागला निकाल?"

"लागला," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मिलिंद नाही येणार. मी येणार आहे. काठावर बसेन."

"थंडी असते तिथे," काका म्हणाले.

"असू दे."

काका काहीतरी खवचट बोलतील म्हणून मी वाट बघत होतो. पण ते पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ तसाच वाहत राहिला. मी बघायला उठलो, तर काकूंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांचे ते येतील बाहेर. घाई नाही."