सुभेदार तावडे यांचं गेट

आमच्या गेटवर नवा गार्ड आला की सुभेदार तावडे त्याचं कार्ड बघत नाहीत. त्याला समोरच्या टपरीवर चहा आणायला पाठवतात. किती कप, ते सांगत नाहीत. जो दोनच आणतो, एक सुभेदारांना आणि एक स्वतःला, तो संध्याकाळी एजन्सीकडे परत. जो आधी गेटवरची माणसं मोजतो, तो राहतो.

लोअर परळच्या या काचेच्या इमारतीची व्यवस्था माझ्याकडे आहे. गार्ड एजन्सीचे, पण त्यांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. पहिल्याच महिन्यात मी विचारलं, "माणूस एजन्सीने पाठवलाय, मग तुम्ही कोण परीक्षा घेणारे?"

"त्याच्या भरवशावर पाठ मी फिरवणार, मॅडम. एजन्सी नाही."

मग त्यांच्या फौजेतल्या पलटणीची गोष्ट निघाली. डोंगरात खेचरं सांभाळणारा जवान हवा होता, वरच्या ऑफिसने बँडवाला पाठवला. कागदावर जागा भरली! त्याने बिगुल फुंकला, खेचरं नाल्यापार. "तीन दिवस शोधत होतो. लढायचं आमच्या कर्नलसाहेबांनी, आणि माणसं ठरवणार फाइलवाले? ज्याची पलटण, त्याला निवडू द्या की!" ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय, की ती खेचरं आता मला ओळखतील.

गेल्या महिन्यात एजन्सीचं पत्र आलं. शेलारना कमी करा. वय झालं, चाल मंद. शेलार आमचे सगळ्यात जुने गार्ड.

"गेट पळत नाही, मॅडम," सुभेदार म्हणाले.

"अहो, पत्र वरून आलंय."

"बँडवालाही वरूनच आला होता."

माझ्यासमोरच त्यांनी एजन्सीच्या मॅनेजरला फोन लावला. "गेट माझं, माणसं मी ठरवणार. जमत नसेल तर इथे येऊन उभे राहा!"

पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "ठीक. तुम्हीच ठरवा. पण एक माणूस कमी होणारच. उद्या नाव द्या."

त्या दिवशी चारही गार्ड एकमेकांची नजर चुकवत होते. मला वाटलं, आता सापडले सुभेदार. हवा होता ना अधिकार? घ्या.

सकाळी फॉर्म माझ्या टेबलावर होता. कमी करायचा माणूस: तावडे. कारण: बाकीच्यांची घरी कोणीतरी वाट बघतं.

दर रविवारी, सुट्टी असूनही, हा माणूस काळाचौकीहून कडक इस्त्रीचा शर्ट घालून 'राउंड मारायला' येतो. मी त्याला इतके दिवस हुकमाची खाज समजत होते.

फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं. एजन्सीला लिहिलं: इमारत माझी जबाबदारी आहे. गेटवरचा एकही माणूस कमी होणार नाही. जमत नसेल तर इथे येऊन उभे राहा.

मग खाली उतरले आणि गेटवरची माणसं मोजली. चार गार्ड, सुभेदार, मी.

टपरीवर सहा कप सांगितले.