कडूबाकाकांची ट्रायल

कडूबाकाकांनी पपईला लहान बाळाचं मऊ हेल्मेट घातलं आणि ती पलंगाच्या उंचीवरून खाली सोडली, तेव्हा मी त्यांच्या दारातच उभी होते. पपई माझी होती. "जरा पिकलेली द्या ताई, टाळूवानी मऊ," असं म्हणून त्यांनी ती मागून नेली होती, आणि मला वाटलं होतं, पोट बिघडलं असेल बिचाऱ्यांचं. पपई फुटली. काकांनी मला खाली वाकून फरशीवरचा गर बघायला लावला, मग हेल्मेटवर लाल खडूनं फुली मारली आणि निकाल दिला, "माल पास नाय."

काका आमचे सिडकोतले भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मूळचे फुलंब्रीकडचे, पण तीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात काढलेली. निवृत्त झाले ते फक्त कागदावर. भाजीवाल्याची गवार मोडून बघतात तोवर ठीक. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा चौरंगाचे पायही हलवून बघितले. "आधी ट्रायल, मग माल," हे त्यांचं ब्रीद. लग्नाच्या वेळी ट्रायल का नाही घेतली, असं मी एकदा विचारलं. "घेतली असती तर तुमच्या काकूंनीच मला रिजेक्ट केलं असतं," म्हणाले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली.

यंदा त्यांचा नातू रांगायला लागला. नाव अद्वैत, पण काका त्याला 'सायेब' म्हणतात. सून मनीषा शाळेत शिकवते; रजा संपून एक तारखेपासून ती कामावर जाणार होती. मुलानं, संदीपनं, पाळणाघर बघून ठेवलं. ते ऐकून काका ताटावरून उठले. "म्या काय मेलो व्हय? सायेब घरीच ऱ्हातील. पडाय-झडायचं समदं बघतो म्या." तेव्हापासून घरात पडाय-झडायचं बघणं सुरू झालं, आणि स्कूटर माझ्याकडे असल्यामुळे मीही त्यात ओढले गेले.

गुलमंडीतल्या दुकानात काकांनी बाळाच्या गुडघ्यांना घालायच्या पट्ट्यांचे सात जोड काउंटरवर काढायला लावले. एकेक पट्टा स्वतःच्या मुठीवर चढवून दुकानाच्या दगडी कठड्यावर शंभर वेळा घासला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. शेवटी दुकानदारानं हात जोडले. "चाचा, बच्चा घुटनों पे चलेगा, अजिंठा तक थोड़ी जाएगा!"

"जाईल बी," काका म्हणाले. "तुमी फकस्त माल चांगला द्या."

चौथा जोड पास झाला. मग टेबलाच्या कोपऱ्यांना चिकटवायचे रबरी तुकडे आले. ते काकांनी स्वतःचं कपाळ आपटून तपासले. पहिले नापास झाले, हे पुढं आठवडाभर सगळ्या गल्लीला त्यांच्या कपाळावरच दिसत होतं. तिसरं हेल्मेट मात्र पपईसकट शाबूत राहिलं आणि ती पपई आम्ही सगळ्यांनी वाटून खाल्ली. पास झालेलं हेल्मेट मोठ्या थाटानं सायेबांच्या डोक्यावर चढवलं गेलं. सायेबांनी ते ओढून काढलं, थोडं चावून बघितलं आणि फेकून दिलं. दहा वेळा घातलं, दहा वेळा फेकलं.

"सायेबांची ट्रायल लई कडक," काका म्हणाले. अभिमान होता आवाजात, पण चेहरा जरा उतरला होता. तेव्हा त्याचं कारण माझ्या लक्षात आलं नाही.

महिनाअखेरच्या रविवारी मी त्यांचा डबा परत द्यायला गेले. काका खुर्चीत बसले होते, हातात मोबाइल. एकाएकी उठले, टेबलाला धरून, मग भिंतीला धरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेले, गुडघ्यावर हात देऊन वाकले आणि फरशीला बोटं टेकवली. मोबाइल बघितला. परत येऊन बसले. पुन्हा उठले.

"आता स्वतःचीच ट्रायल का काका?" मी हसत विचारलं.

ते हसले नाहीत. "अकरा सेकंद लागत्यात, ताई. सकाळधरनं नऊ डाव करून बघितलं, अकराच्या खाली येईना. लेकरू पडल्यावर म्या पोचूस्तोवर तेवढे अकरा सेकंद मालानं धकवायचे. म्हणून तर त्या पपया फोडल्या." ते गुडघे चोळायला लागले. "मशीनपाशी उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन गेले हे. अन् सायेब तर डोक्यावर काय ठेवीना. माल चांगलाय, ताई. माणूसच पास नाय. संदीपला सांगतो, टाका पाळणाघरात."

पंधरा दिवस मी ज्याला वेड म्हणून हसत होते, ती त्यांची भीती होती. माझी मलाच लाज वाटली.

मनीषा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. ती आत गेली, गादी ओढत घेऊन आली आणि हॉलच्या मधोमध टाकली.

"बाबा, मुळात खुर्चीत बसायचंच कशाला? दिवसभर इथं बसा, त्याच्याजवळ."

"अन् उठू कसा?"

"हाक मारली की ताई येतील. भिंतीपलीकडंच तर आहेत." मला न विचारताच तिनं माझी ड्यूटी लावून टाकली. मीही मुकाट्यानं मान डोलावली.

आम्ही दोघींनी काकांना धरून गादीवर बसवलं. मनीषानं अद्वैतला समोर सोडलं. डोक्याला काही नाही, गुडघ्याला काही नाही. तो भराभर रांगत आला. गादीच्या काठाला त्याचा हात अडकला आणि तो तोंडावर जाणार, एवढ्यात काकांचा तळवा त्याच्या कपाळाखाली होता.

"किती सेकंद झाले, बाबा?" मनीषानं विचारलं.

मोबाइल खुर्चीवरच राहिला होता. काकांनी नातवाला दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"मोजायचं ऱ्हायलं गं पोरी," ते म्हणाले.