सेकंड शिफ्ट मंडळाचा चौथा खिळा

साल २०२३. माझं वय चौऱ्याहत्तर. त्या वर्षी अन्वरभाईनं मला माझ्याच गाळ्यातनं बाहेर काढलं.

गाळा माझा, निघोज्यात, घराच्या मागं. तो भाडेकरू. भिंतीवर पत्र्यावर रंगवलेलं एक हिरवंगार तोंड टांगलेलं होतं. मी नुसतं विचारलं, "हे काय हाय?" त्यानं मला हाताला धरून दारापर्यंत आणलं. म्हणाला, "आबा, इथं काय आहे ते विचारायचं नाही. काय झालंय ते विचारायचं. चहा घ्या, मग या."

मी चौथी शिकलेला असलो तरी घरमालक आहे. परत गेलो नाही. माणसाचं तोंड हिरवं असतं होय? हिरवी गवार असते.

अन्वरभाई चाकणच्या एका कंपनीत गाड्यांना रंग मारायचा. तो आणि त्याचे तीन दोस्त, चौघंही सेकंड शिफ्टला. कंपनीत रंग आरशासारखा गुळगुळीत लागायचा, आणि सुट्टीच्या दिवशी हेच चौघं भंगारातनं बॉनेट आणून त्यावर ओघळ सोडत बसायचे. तांबडं आभाळ, कलंडलेली घरं, रागावलेली झाडं. पुढं तिघं दोस्त एकामागं एक गेले. घरच्यांना ते पत्रे म्हणजे अडगळ. अन्वरभाईनं टेम्पो लावून सगळे गोळा केले, माझा गाळा घेतला आणि पाटी रंगवली : 'सेकंड शिफ्ट मंडळ कला संग्रहालय. प्रवेश मोफत. घाई असणाऱ्यांनी येऊ नये.'

आमच्याकडं घाई नसलेला माणूस आणायचा कुठनं? दिवसच्या दिवस कुणी फिरकत नसे. एकदा एक जण ठोकलेली स्कूटर घेऊन आला. त्याला वाटलं, इथं डेंटिंग होतं. अन्वरभाई स्कूटरला एक फेरी मारून खाली बसला, पोच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "हिला काय झालं?" झालं. त्या गड्यानं बायकोशी भांडण कुठनं सुरू झालं तिथपासनं सगळं सांगितलं. डोळे पुसले, चहा प्याला आणि पोच्यासकट स्कूटर घेऊन गेला. मी ओट्यावरनं बघत होतो. म्हटलं, राव, दोन पैसे तरी मिळाले असते. तर म्हणतो कसा, "आबा, आज संग्रहालयाला एक माणूस आला."

ईदला त्याच्याकडनं शीरखुर्म्याचा डबा आला. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, म्हणून सुनेनं त्यात धपाटे भरले. घरात दुसरं कुणी नव्हतं, मलाच जावं लागलं.

अन्वरभाई फडकं घेऊन चित्रं पुसत होता. पुसता पुसता एकेकाशी बोलायचा. "दत्तू, आज ऊन आहे बघ." तीन दोस्तांची तीन तोंडं ओळीनं टांगलेली. त्यांच्या शेजारी नुसता एक खिळा. तोही त्यानं पुसला, निगुतीनं, चित्र असल्यासारखा.

'हे काय हाय' अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "अन्वरभाई, याला काय झालंय?"

फडकं त्याच्या हातातच राहिलं. मग स्टुलावर बसून त्यानं सांगितलं. मंडळाचा एक नियम होता : स्वतःचं तोंड स्वतः काढायचं नाही. आपण कसे दिसतो ते दुसऱ्यानं सांगायचं. तिघांची अन्वरभाईनं काढली. त्याचं दत्तू काढणार होता.

"म्हणायचा, तुझं तोंड अजून पिकलं नाही. थांब जरा." अन्वरभाई हसला. "थांबलो."

"मग आता काढा की तुमचं तुमी. कोण बघतंय?"

"नियम आहे तोवर मंडळ आहे, आबा."

मी डबा ठेवला आणि घरी आलो. 

माझ्या जुन्या ट्रॅक्टरचं बॉनेट गोठ्यात उभं होतं. पोरानं दोनदा भंगारवाला आणला, दोन्ही वेळा मी त्याला काठी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बॉनेट डोक्यावर घेतलं आणि गाळ्यात नेऊन भिंतीला टेकवलं.

"बसा स्टुलावर. हलू नका."

"आबा, पण तुम्ही मंडळात नाही."

"गाळा कुणाचा हाय?"

तो बसला. मी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग वाकलो आणि कोपऱ्यातला हिरव्या रंगाचा डबा उघडला.